चौथी मराठी माध्यम, दुसरं सत्र : दिवाळीनंतर नक्की काय काय शिकवतात?

पाऊसवेडी

नमस्कार मंडळी. थोडी लांबण लागेल, सांभाळून घ्या. आम्ही बरीच वर्षं बंगळूरला होतो, आता सासूबाईंच्या तब्येतीमुळे कायमचे साताऱ्याला आलोय. लेक चौथीत आहे, तिकडे सीबीएसई इंग्लिश मीडियम होतं. इकडे घराच्या अगदी जवळ जिल्हा परिषदेची मराठी शाळा आहे, जाऊन बघून आले, बाई फार आवडल्या, वर्गही छोटा आहे, म्हणून तिथेच घालायचं नक्की केलंय (घरात यावरून महाभारत होऊन गेलंय, तो विषय नको).

तर प्रॉब्लेम असा की ती एकदम दुसऱ्या सत्रातच जाऊन बसणार. जूनपासून वर्गात काय झालं ते तिला माहीत नाही आणि पुढे काय येणार ते मला माहीत नाही. मी शाळेत गेले तेव्हा बाई निकालपत्रकं आणि सुट्टीच्या गडबडीत होत्या, त्यामुळे जास्त बोलणं झालंच नाही, शाळा उघडली की बोलू म्हणाल्या.

लेक मराठी घरात अस्खलित बोलते पण वाचते अडखळत, जोडाक्षर आलं की थांबते. गणित तसं बरं आहे. इतिहास तर शून्य, शिवाजी महाराज माहितीयत ते आजोबांच्या गोष्टींतून तेवढेच.

कोणी चौथीला शिकवणारं किंवा चौथीतल्या मुलांचे आईबाबा असतील तर सांगा ना, या सत्रात काय काय असतं, आणि हातात जी थोडी सुट्टी उरलीय त्यात काय करून घेऊ? आणि शिष्यवृत्ती परत चौथीला आली असं ऐकलं, ते खरं का? आम्हाला तर ती पाचवीला असते असं सांगत होते सगळे.

तिरपागडा

एवढी चांगली सीबीएसई सोडून झेडपीत? धाडसी आहात. दुसऱ्या सत्रात बदलण्यापेक्षा हे वर्ष कसंतरी ऑनलाइन काढा आणि जूनमध्ये साताऱ्यातच एखादी इंग्लिश मीडियमची शाळा बघा, असं माझं मत. पोरीची दोन्हीकडून ओढाताण नको.

खडू_डस्टर

तिरपागडा साहेब, ताईंनी शाळा कुठली घेऊ हे विचारलेलंच नाहीये :) त्या विषयाचा वेगळा धागा काढा, तिथे येतो भांडायला.

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे (सांगलीकडे), बरीच वर्षं चौथीचाच वर्ग आहे माझ्याकडे, तर सांगतो जमेल तसं.

आधी एक लक्षात घ्या, यंदा, म्हणजे २०२५-२६ ला, नवीन पुस्तकं फक्त पहिलीला आलीयत, चौथीची जुनीच आहेत. त्यामुळे कोणत्याही शेजाऱ्यापाजाऱ्याच्या पोराचं पुस्तक चालेल, आणि बालभारतीच्या साइटवर सगळ्या पुस्तकांची पीडीएफ फुकट आहे, आजच उतरवून घ्या. शाळेतून पुस्तकं मोफत मिळतीलच, पण वर्षाच्या मधे आलेल्या मुलाला सेट मिळायला कधी कधी वेळ लागतो.

आता विषय. चौथीला परिसर अभ्यासाची दोन पुस्तकं असतात. भाग १ म्हणजे विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र सगळं एकत्र. भाग २ म्हणजे शिवछत्रपती, म्हणजे अख्खं वर्ष एकच इतिहास, महाराजांचा. त्यात १८ पाठ आहेत आणि बहुतेक शाळांत दिवाळीपर्यंत प्रतापगडापर्यंत येऊन थांबतात, म्हणजे निम्मं पुस्तक. दिवाळीनंतर सुरुवातच पन्हाळ्याच्या वेढ्यापासून. सिद्दी जौहर, शिवा काशीद, बाजीप्रभू, मग लाल महालातला शायिस्ताखान, पुरंदरचा वेढा आणि तह, आग्र्याहून सुटका, तानाजी, राज्याभिषेक, दक्षिणेतली मोहीम, आणि शेवटी गड, आरमार आणि राज्यकारभार. खरं सांगू का, चौथीच्या वर्गात शिकवायला सगळ्यात मजा याच चार महिन्यांत येते. पोरं तास संपला तरी उठत नाहीत. बाजीप्रभूंचा पाठ झाला की मधल्या सुट्टीत खिंड कुठल्या दारात करायची यावरून मारामाऱ्या होतात ते वेगळं.

तुमच्या लेकीला पहिले नऊ पाठ शिकवायला बसू नका. गोष्ट म्हणून तिला सांगून टाका, आजोबा आहेतच. मात्र एक पाठ तिच्याकडून स्वतः वाचून घ्या, तो म्हणजे महाराजांच्या बालपणाचा, कारण त्या काळात शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर होती. वर्गात बंगळूर बघितलेली ती एकटीच असणार. नव्या वर्गात पहिल्या आठवड्यात बोलायला काहीतरी आपलं असलं की पोर लवकर रुळते हे मी इतक्यांदा बघितलंय की विचारू नका.

भाग १ मध्ये पहिल्या सत्रात पाणी, अन्न, हवा, वस्त्र, शरीर असलं बरंचसं होऊन गेलेलं असतं, ते तिनं तिकडे इव्हीएसमध्ये केलेलंच आहे, सोडून द्या. दुसऱ्या सत्रात मुख्य म्हणजे नकाशा. दिशा व नकाशा, नकाशाच्या खुणा, माझा जिल्हा माझे राज्य, मग दिवस आणि रात्र, कुटुंब आणि शेजार कसे बदलतात, वाहतूक व संदेशवहन, नैसर्गिक आपत्ती आणि आपण परिसर धोक्यात आणतोय का. काही शाळांत नकाशाचे पाठ दिवाळीच्या आधी घेतात, ते बाईंना विचारा.

माझा जिल्हा हा पाठ तिला नवीन जाणार कारण तिला साताराच नवीन आहे. पण तुमचा जिल्हा म्हणजे शिकवायला सोनं आहे हो. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरचा पाऊस आणि माण-खटावचा दुष्काळ, कृष्णेचा उगम, कोयनेचं धरण, प्रतापगड. तालुके ११ आहेत. नुसते पाठ करून घेऊ नका, कोऱ्या नकाशात तिला रंगवू द्या, आणि आपण राहतो तो तालुका कुठला, मामाचं गाव कुठल्या तालुक्यात, महाबळेश्वरला जाताना वाटेत कुठले तालुके लागतात असं विचारा. मग राज्य, म्हणजे ३६ जिल्हे आणि ६ प्रशासकीय विभाग, सातारा पुणे विभागात.

मी काय करतो सांगतो, वर्गात महाराष्ट्राचा मोठा नकाशा भिंतीला लावून ठेवतो आणि इतिहासाचा जो पाठ चालू असेल त्यातलं ठिकाण पोरांनीच शोधून टिकली लावायची. पन्हाळा, विशाळगड, पुणे, पुरंदर, सिंहगड, रायगड, मालवणजवळचा सिंधुदुर्ग. आग्रा आणि जिंजी आली की महाराष्ट्र पुरत नाही, भारताचा नकाशा काढावा लागतो, तेव्हा पोरांना कळतं की आग्र्याहून परत येणं म्हणजे किती लांबचं काम होतं. पट्टी घेऊन मोजायला लागतात आपोआप. इतिहास आणि नकाशा वेगवेगळ्या तासाला शिकवून उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत आहे, साहेब लोक काही म्हणोत.

गणिताचं रात्री लिहितो, आता जरा बाहेर जायचंय.

कोयनाकाठची

खडू_डस्टर सर, किती छान लिहिलंत. माझा मुलगा मागच्या वर्षी चौथीत होता, आमचं गाव पाटण तालुक्यात. नैसर्गिक आपत्तीचा पाठ झाला तेव्हा बाईंनी सगळ्यांना घरच्या म्हाताऱ्या माणसांना भूकंपाविषयी विचारून यायला सांगितलं होतं. आमच्या आजेसासूबाईंनी ११ डिसेंबर १९६७ ची पहाट अशी काही सांगितली, की भांडी कशी वाजायला लागली, अंधारात कोण कुठे पळालं, दिवस उजाडल्यावर कोयनानगरकडून काय काय बातम्या आल्या. आम्हीसुद्धा ते सगळं पहिल्यांदाच ऐकत होतो. मुलानं दोन पानं लिहिली, शुद्धलेखनाच्या चुका भरपूर पण एकही वाक्य गाईडमधलं नाही. पाऊसवेडी ताई, तुमच्या सासूबाईंना विचारा, सातारा भागातल्या त्या वयाच्या माणसांना तो भूकंप आठवतोच. आणि हे असलं काम मूल्यमापनात धरतात, नुसता पेपर नसतो.

पाऊसवेडी

अय्या, सासूबाई कोरेगावच्या, त्यांना नक्की आठवत असणार! आजच विचारते. सर, खूप खूप आभार, बंगळूरचं वाचून लेक एवढी खूश झाली की पीडीएफ आत्ताच उघडून बसलीय. कोयनाकाठची, मूल्यमापनाचं जरा सांगाल का, कारण तिकडे युनिट टेस्ट, हाफ इयरली असं होतं, इकडे आकारिक, संकलित असं काहीतरी ऐकलं आणि डोक्यावरून गेलं.

कोयनाकाठची

आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय वगैरे. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. तिसरी-चौथीला आकारिकला ६० टक्के आणि संकलितला ४० टक्के वजन असतं. म्हणजे रोज वर्गात हात वर करणाऱ्या मुलांचं भलं होतं :D निकालात मार्कांऐवजी श्रेणी येते, अ-१, अ-२, ब-१ अशी. नंबर बिंबर काढत नाहीत.

शिवाय एप्रिलमध्ये राज्याकडून छापून आलेली एक चाचणी असते मराठी, गणित, इंग्रजीची. तीच बहुतेक ठिकाणी त्या विषयांची संकलित धरतात. सोपी असते, घाबरायचं कारण नाही.

दगडफूल

ताई काय बी टेन्शन घिऊ नगा. माझं पोरगं पुण्यात इंग्लिश मीडियमला हुतं दुसरीपतुर, लॉकडाऊनला गावी आलो ते परत गेलोच न्हाय. सुरवातीला ते मराठी वाचायचं म्हंजे आमालाच घाम फुटायचा. काना येलांटी सगळं बगून बगून वाचायचं. गुर्जींनी काय केलं, त्याला रोज फळ्यावरचा सुविचार आन् बातम्या वाचायला लावल्या परिपाठात, समद्या शाळंम्होरं. पयले आठ-पंदरा दिस रडलं, मग काय, आता थांबवावं लागतंय. पोरं शिकत्यात, आपुनच घाबरतो.

एक मातूर, आकडं. मराठीत आकडं म्हंजे लई बेकार. पोराला ५९ म्हणलं की ६९ लिवायचं. आजून बी बाजारात एकोणऐंशी रुपये म्हणलं की दोन मिनिटं इचार करतंय.

खडू_डस्टर

दगडफूल भाऊ, एक नंबर मुद्दा. इंग्रजी माध्यमातून आलेलं पोर मराठी शाळेत अडतं ते बहुतेक वेळा इथेच, आणि पालकांच्या ते लक्षातच येत नाही कारण गणित चांगलं असतं. बाई तोंडी हिशेब घालतात, "एकोणसाठ अधिक अठ्ठावीस", पोराला गणित येतं पण एकोणसाठ म्हणजे किती याच्यातच गाडी अडकते, तोवर बाकीची उत्तरं देऊन मोकळी. मग ते पोर गप्प बसायला लागतं आणि शेरा जातो, गणितात सहभाग कमी.

तर सुट्टीत एकच गोष्ट करून घ्यायची असेल तर ही करा ताई. १ ते १०० मराठी आकडे, ऐकून लिहिणे आणि बघून वाचणे, दोन्ही बाजूंनी. रोज दहा मिनिटं बस्स. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे आधी घ्या, कारण ऐकताना त्यात पुढचा दशक येतो आणि मुलं फसतात. भाजी आणायला तिला बरोबर न्या आणि भाव तिला विचारू द्या. देवनागरी अंक तिला येत असतीलच, तरी ५ आणि ६, १ आणि ९ मधे गडबड होते का ते एकदा बघा.

आता चौथीचं दुसऱ्या सत्रातलं गणित. भागाकार, अपूर्णांक, मापन, परिमिती-क्षेत्रफळ हे यातलं वजनदार काम. शाळेप्रमाणे क्रम थोडा मागेपुढे होतो. तिला तिकडे हे थोडंफार झालं असणार, फक्त शब्द वेगळे. भाज्य, भाजक, भागाकार, बाकी, अंश, छेद, एवढे सहा शब्द एका कागदावर लिहून टेबलावर चिकटवा, संपला विषय. उभी मांडणी मात्र बाई कशी घेतात ते विचारून त्याच पद्धतीनं घ्या, घरी वेगळी आणि शाळेत वेगळी असं करू नका. यात पोरांचे हाल होतात आणि चूक पालकांची असते बऱ्याचदा, तुम्हाला नाही म्हणत, एकूणात सांगतोय.

भागाकारात पोरं कुठं मार खातात तर मधल्या शून्याला. ८१६ भागिले ४ घाला तिला. उत्तर २०४ आलं तर तिला भागाकार येतो, २४ आलं तर परत पहिल्यापासून घ्या. या एका गणितात मला अख्ख्या वर्गाचा अंदाज येतो.

अपूर्णांक घरातच शिकवा. भाकरीचे चार भाग, पाव किलो, अर्धा लिटर, पाऊण तास. मराठी घरातल्या पोराला पाव, अर्धा, पाऊण आधीपासून माहीत असतं, त्याला १/४, १/२, ३/४ असं लिहितात एवढंच जोडून द्यायचं. परिमितीला दोरी घेऊन टेबलाभोवती, वहीभोवती गुंडाळायची आणि मग ती दोरी सरळ करून पट्टीनं मोजायची. क्षेत्रफळाला फरशा मोजायच्या. दोन्हीत फरक काय हे तोंडी सांगता येईपर्यंत सूत्राच्या वाटेला जायचं नाही. पाचवीला आलेली पोरं परिमिती विचारली की लांबी गुणिले रुंदी करून मोकळी होतात ना, त्याचं मूळ चौथीच्या जानेवारी महिन्यात असतं. सूत्र आधी आणि दोरी कधीच नाही.

पाढे. वर्गात २० पर्यंत तोंडपाठ लागतात, काही गुरुजी ३० पर्यंत घेतात. मराठी लयीत पाठ करून घ्या, बे एके बे. इंग्लिशमधले येत असले तरी, कारण वर्गात सगळे मिळून म्हणतात आणि त्यात तिचा आवाज असायला हवा.

इंग्रजीत ती वर्गाच्या पुढे असेल. मराठी माध्यमाला २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण पुस्तक अर्थातच सोपं आहे. तिथे कंटाळा येईल तिला. बाईंना सांगून शेजारच्या मैत्रिणीला वाचून दाखवायचं काम तिला द्यायला लावा. आणि हिंदी पाचवीपासून.

कल्याण_स्लो

शिष्यवृत्तीचं मी सांगतो कारण आमच्याकडे यंदा दोन दोन पोरं अडकलीयत, एक चौथीत एक पाचवीत :(

पूर्वी परीक्षा चौथी-सातवीलाच होती. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला गेली. आता शासनानं ती परत चौथी-सातवीला आणलीय, याच वर्षापासून. मधे आडवं येणारं कोणी सुटू नये म्हणून २०२५-२६ ला दोन्हीकडे आहे, म्हणजे पाचवी-आठवीची फेब्रुवारीत शेवटची आणि चौथी-सातवीची उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्ये. नक्की तारीख आणि अर्जाची मुदत परीक्षा परिषदेच्या साइटवर बघा. अर्ज शाळेमार्फत भरायचा असतो, त्यामुळे शाळा उघडली की पहिल्याच दिवशी बाईंच्या कानावर घाला.

पेपर दोन असतात. पहिल्यात प्रथम भाषा २५ प्रश्न आणि गणित ५०, दुसऱ्यात इंग्रजी २५ आणि बुद्धिमत्ता चाचणी ५०. प्रत्येक पेपर १५० गुण, दीड तास. सगळे पर्यायी, गोल रंगवायचे. तुमच्या मुलीला इंग्रजी फुकटात आहे, बुद्धिमत्तेला भाषेचा फार अडसर नाही, मराठीचे उतारे जड जातील. उतारा वाचायचा वेग हाच तिथे खरा प्रश्न.

मात्र परिसर अभ्यास यात नाही. त्यामुळे पूर्वी चौथीला परीक्षा होती तेव्हा काही शाळांत जानेवारीपासून फक्त शिष्यवृत्ती शिष्यवृत्ती चालायचं आणि इतिहासाचे ते सुंदर पाठ पोरांना घरी नुसते वाचून यायला सांगायचे. ओळखीतल्या एका पोराचं तसंच झालं, शाळेचं नाव घेत नाही. राज्याभिषेक एका तासात उरकला, कारण आकृत्यांचे सराव संच बाकी होते.

तिरपागडा

हेच म्हणत होतो मी. नऊ वर्षांच्या पोरीला आल्या आल्या दीडशे दीडशे मार्कांचे पेपर. बंगळूर सोडून हे?

कोयनाकाठची

ऐच्छिक आहे हो परीक्षा, सक्ती नाही कोणावर. माझं मत विचाराल तर यंदा तिला अनुभव म्हणून बसवा, क्लास लावू नका. पहिलं सत्र दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या माध्यमात झालंय. त्यात परत मोठं पुस्तक, जाडे संच, रविवारच्या जादा तासिका, कशाला? चौथीचं पोर संध्याकाळी खेळलं पाहिजे.

कल्याण_स्लो

क्लासच्या बाबतीत सहमत. पण नुसतं अनुभव म्हणून बसवताना पण पोरांना कळतं की आपल्याकडून काही अपेक्षा नाही, आणि मग ती पण हलकं घेतात. बसवायचं तर आठवड्यातून एक जुनी प्रश्नपत्रिका घरी सोडवून घ्या, वेळ लावून. पाचवी स्तराच्या जुन्या पत्रिका नका घेऊ, त्यातलं काही चौथीला झालेलं नसतं. परिषदेनं चौथीचे नमुने दिले तर ते, नाहीतर २०१६ च्या आधीच्या चौथीच्या कुठे मिळाल्या तर सरावाला बऱ्या. आणि पाचवीचं पण डोक्यात ठेवा. पाचवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावीच लागते, नाही झालं तर पुनर्परीक्षा. त्या हिशेबानं चौथीचं हे सत्र पक्कं झालं की पुढं जड जात नाही.

खडू_डस्टर

शिष्यवृत्तीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे पण इथे वाद नको. एवढंच सांगतो की मराठी वाचनाचा वेग वाढवायला सराव संचातले उतारे हा सगळ्यात कोरडा मार्ग आहे. तिच्यासाठी वाचनाचं पुस्तक हातातच आहे, शिवछत्रपती. पाठ छोटे, गोष्ट जोरदार, पुढे काय होणार याची उत्सुकता, आणि तेच वर्गात पण चालणार. असं करा, पुढच्या आठवड्यात जो पाठ येणार तो शनिवारी-रविवारी आजोबांनी वाचून दाखवायचा, तिनं ओळींवरून बोट फिरवत ऐकायचं. मग एक परिच्छेद आजोबा, एक परिच्छेद ती. जोडाक्षराला अडली तर सांगून टाकायचं, थांबवून फोड करायला लावायची नाही, गोष्टीचा सगळा रस जातो. अडलेले शब्द नंतर वेगळे लिहून घ्या. शर्थ, तह, खलिता, आरमार, गनीम, असले शब्द तर मराठी माध्यमातल्या पोरांनाही नवीनच असतात, तिला एकटीलाच येत नाहीत असं अजिबात वाटू देऊ नका.

लिहायच्या बाबतीत घाई नको. डिसेंबरपर्यंत प्रश्नांची उत्तरं एका वाक्यात लिहिली तरी चालेल. त्या वयात बोलण्यातून जे येतं ते वहीत यायला वेळ लागतो, आणि तोंडी उत्तर नोंदवायची सोय आकारिकमध्ये आहेच, बाईंना विनंती करा, करतात.

बोरन्हाण

मधेच येतेय, कागदपत्रांचं कुणी बोललं नाही म्हणून. दाखला बंगळूरहून यायला उशीर झाला तरी शाळा प्रवेश थांबवू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये ते स्पष्ट आहे. पण जुन्या शाळेकडून तिचा पेन नंबर, म्हणजे यूडायस या शाळांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवरचा विद्यार्थी क्रमांक, आठवणीनं घ्या आणि त्यांना तिकडून तिचं नाव सोडायला सांगा. जोपर्यंत ते करत नाहीत तोपर्यंत इकडच्या शाळेला तिचं नाव ऑनलाइन पटावर घेता येत नाही आणि मग शिष्यवृत्तीच्या अर्जापासून सगळं लटकतं. फोन करत राहा, मेलवर विसंबू नका. स्वानुभव.

आणि कोणाची जुनी पुस्तकं घेणार असाल तर बघून घ्या, २०२३-२४ आणि २४-२५ ची पुस्तकं चार चार भागांत आहेत, प्रत्येक भागात सगळे विषय थोडे थोडे आणि मधे नोंदींसाठी कोरी पानं. यंदापासून ती पानं बंद केलीयत. मजकूर तोच, पण पान क्रमांक जुळत नाहीत, आणि बाई म्हणाल्या पान अमुक काढा की पोर शोधत बसतं. तिसरा-चौथा भाग मिळाला तर तुमचं काम होईल, दुसरं सत्र त्यातच येतं.

पाऊसवेडी

किती किती आभार मानू सगळ्यांचे! पेन नंबरचं मला कुणीच सांगितलं नव्हतं, उद्याच फोन लावते. तिरपागडा, तुमची काळजी समजते, पण निर्णय झालाय आता, आणि लेकीला शाळेसमोरचं चिंचेचं झाड आवडलंय, त्यापुढे आमचं काही चालत नाही.

८१६ भागिले ४ घातलं. २४ आलं :( मग परत घातलं, शतक दशक एकक लिहून, तेव्हा जमलं. सासूबाईंना भूकंपाचं विचारलं तर त्या तासभर थांबल्याच नाहीत.

एकच शेवटचं विचारते सर, राज्याभिषेकाच्या पाठापर्यंत साधारण कधी पोचतात? सासरे म्हणतायत की तो पाठ वर्गात चालू असेल तेव्हाच तिला रायगडला नेऊन आणू.

खडू_डस्टर

जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा किती दिवस खातात त्यावर. फेब्रुवारीतच जा, मार्चला वर ऊन फार लागतं. १९ तारखेला शिवजयंती असते तेव्हा गर्दी होते, त्याच्या आधीचा किंवा नंतरचा शनिवार-रविवार धरा. रोपवे आहे, आजोबांना त्यानं न्या, पोरीला मात्र जमलं तर एका बाजूनं पायऱ्यांनी चालवा. आणि जायच्या आधी बाईंना सांगून ठेवा, आल्यावर वर्गात दहा मिनिटं तिला बोलायला देतील.

भागाकाराचं टेन्शन नको, माझ्या वर्गात दरवर्षी निम्म्या पोरांचं २४ च येतं. आता ६३० भागिले ६ घाला.